घटस्थापनेआधी रस्त्यावरच्या पाट्या मोकळ्या करा

धाराशिव जिल्ह्यातल्या सरपंचांना, नवरात्र मंडळांच्या कार्यकर्त्यांना, ढाबेवाल्यांना, देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि फाट्यावर घर किंवा टपरी असलेल्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. घटस्थापना तोंडावर आली आहे. तिच्या आधी आपल्या हद्दीतल्या दिशादर्शक पाट्या वाचता येतील अशा करा. झाकलेल्या मोकळ्या करा, मळलेल्या धुऊन काढा, मोडलेल्यांची तक्रार नोंदवा. हे काम दिवाळीनंतर करू, असं म्हणून चालणार नाही. पाट्यांची सगळ्यात जास्त गरज याच पंधरा-वीस दिवसांत पडते, आणि पावसाळा नुकताच संपत असल्यामुळे त्यांची सगळ्यात वाईट अवस्थाही याच दिवसांत असते. वेड्या बाभळीच्या फांद्या खांबावर चढलेल्या असतात, घाणेरी आणि गाजरगवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं, चिखलाच्या शिंतोड्यांनी खालची अक्षरं पुसट झालेली असतात.

नवरात्रात आपले रस्ते एरवीचे रस्ते राहत नाहीत. गावोगावची तरुण मुलं तुळजापुरात येतात, देवीच्या दारी ज्योत पेटवतात आणि धावत आपापल्या गावी परततात. हातात मशाल, पायात बहुतेकांच्या काही नाही, मागे एखादा टेम्पो, आणि वेळ रात्रीची. पुढे कोजागरीच्या सुमारास सोलापूर ते तुळजापूर ही सुमारे 45 किलोमीटरची वाट पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जाते. तुळजाभवानी ही महाराष्ट्राइतकीच कर्नाटकातल्या आणि तेलंगणातल्या असंख्य घरांची कुलदेवता. त्यामुळे ज्यांनी हा मुलूख कधी पाहिलेला नाही, असे शेकडो चालक या दिवसांत आपल्या रस्त्यांवर असतात.

अशा परक्या चालकाला पाटी वेळेवर दिसली, तर तो फाट्याच्या बराच आधी वेग कमी करतो आणि शांतपणे कडेला येतो. पाटी दिसली नाही, तर फाटा अंगावर आल्यावर तो करकचून ब्रेक मारतो. नाहीतर पुढे निघून जातो, चुकलं हे कळल्यावर चौपदरी रस्त्यावर गाडी वळवतो आणि उलट दिशेने परत येतो. त्याच कडेने ज्योत घेऊन मुलं धावत असतात. मोबाइलवरचा नकाशा आहे ना, असं कोणी म्हणेल. पण बालाघाटाच्या डोंगरात रेंज जाते, आणि असते तेव्हाही जवळचा रस्ता म्हणून तो नकाशा गाडीला कधीकधी पाणंदीत नेऊन सोडतो. पावसानंतरच्या काळ्या मातीत रुतलेली गाडी बाहेर काढायला शेवटी आपल्यालाच ट्रॅक्टर घेऊन जावं लागतं.

आता सगळ्यात अवघड विषय, म्हणजे फ्लेक्स. फाट्यावरची मोठी पाटी आयती उभी असते. खांब मजबूत, जागा मोक्याची. मग वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली सगळं तिथेच बांधलं जातं. नवरात्रात त्यात 'भाविकांचे सहर्ष स्वागत' हा मजकूर वाढतो आणि त्याच्या मागे भाविकांना वाट दाखवणारा बाण लपतो. तारेने बांधलेला फ्लेक्स वाऱ्याने फडफडत राहतो आणि पाटीवरचं रेडियम खरवडून टाकतो. पुढे फ्लेक्स निघाला, तरी ती पाटी रात्री चमकत नाही.

कायद्याने याला परवानगी नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 116 नुसार वाहतुकीची पाटी जाणूनबुजून काढणं, बदलणं किंवा विद्रूप करणं निषिद्ध आहे, आणि पाटी झाकणारी जाहिरात हटवण्याचा अधिकार शासनाला आहे. बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 साली कडक आदेश दिले. तरीही मला इथे कायद्याचा धाक घालायचा नाही. ज्यांचा फोटो त्या फ्लेक्सवर आहे, त्या नेत्यांना मी थेट विनंती करते: एक फोन करा आणि आपल्याच कार्यकर्त्यांना तो काढायला सांगा. गावातला दुसरा कोणी काढायला गेला, तर त्यावरून भांडण पेटतं. तुम्ही सांगितलंत, तर दहा मिनिटांत काम होतं. स्वागताचा फलक लावायचाच असेल, तर तो फाट्यापासून दूर, रीतसर परवानगी घेऊन, स्वतःच्या खांबावर लावा.

पाटी नसल्याने जीव धोक्यात येतो, तसंच आपलं सारं वैभवही लोकांच्या नजरेआड राहतं. तुळजापूरला येणारा माणूस दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि आल्या रस्त्याने परत जातो. जिल्ह्यात आणखी काय आहे, हे त्याला रस्त्यावर कोणी सांगतच नाही.

तेरचंच बघा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या पुस्तकात तेरचा पत्ता आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजेच आपलं तेर. इथे रोमशी चालणाऱ्या व्यापाराच्या खुणा सापडल्या. इथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात गजपृष्ठाकार चैत्य असल्याचं अभ्यासक मानतात. उत्तरेश्वराचं मंदिर आहे, गोरोबाकाकांची समाधी आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि त्यातली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जुळते, म्हणून जगभरचे अभ्यासक तिच्याबद्दल लिहितात. दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बंदरातून तेरला कसं जायचं, हे लिहून ठेवलेलं होतं. आज येडशीहून ढोकीमार्गे तेरला जाणाऱ्या माणसाला दर वळणावर गाडी थांबवून विचारावं लागू नये, एवढं तरी आपण करायलाच हवं. ढोकी परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि बाहेर आलेल्या उसाच्या धक्क्याने कडेचे खांब वाकतात. ट्रॉलीमालकांनी आणि कारखान्यांनी हे लक्षात घ्यावं. अपघाताने पाटीचं नुकसान झालं, तर 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे वाहनचालकाचं कर्तव्य असल्याचं याच कलम 116 मध्ये लिहिलेलं आहे. कळवणारा सापडत नाही, म्हणून वाकलेला खांब वर्षानुवर्षं वाकलेलाच राहतो.

नळदुर्गचं नशीब बरं, कारण किल्ला हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 65 च्या जवळ आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. नदीला पाणी आलं की नर आणि मादी हे दोन धबधबे त्या बांधावरून कोसळतात आणि लोक ते बघायला गर्दी करतात. परांड्याला मात्र असा महामार्ग लाभलेला नाही. विजापूरला जाऊन लोक मुलूख मैदान तोफ कौतुकाने बघतात. ती तिथे गेली परांड्याच्या किल्ल्यावरून. ही गोष्ट बार्शी-परांडा रस्त्यावर एका तपकिरी पाटीने सांगता येईल. धाराशिव शहरापासून काही किलोमीटरवर डोंगरात कोरलेली लेणी, भूम तालुक्यातलं माणकेश्वराचं कोरीव शिवालय, 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी जिथे सल्लेखना घेतली ते कुंथलगिरी, डोमगावचा कल्याणस्वामींचा मठ, येडशीचं रामलिंग, येरमाळ्याची येडेश्वरी... यातल्या प्रत्येक ठिकाणी पोचायला शेवटचा आठ-दहा किलोमीटरचा टप्पा अवघड जातो. महामार्गावर पाटी असते, पण आत वळल्यावर पहिल्याच तिठ्यावर काही नसतं. शासनाकडे मागणी करताना हा आतला तिठा मागा. महामार्गावर आणखी एक कमान नको.

अणदूरचा खंडोबा तर पाट्यांच्या बाबतीत वेगळाच विचार करायला लावतो. अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर या दोन ठिकाणी देवाची दोन देवळं आहेत, आणि मूर्ती एकच. वर्षातला मोठा काळ देव अणदूरला असतो. हिवाळ्यात मैलारपुरात येतो आणि तिथे पौष पौर्णिमेची यात्रा भरते. बाहेरगावच्या भाविकाला हे माहीत नसतं. तो कच्च्याबच्च्यांसह एका देवळात पोचतो आणि देव दुसरीकडे असतो. दोन्ही फाट्यांवर 'सध्या देव येथे आहेत' अशी सरकवता येणारी छोटी पट्टी लावली, तर किती म्हाताऱ्या माणसांची वणवण वाचेल! दोन्ही गावच्या मानकऱ्यांनी आणि विश्वस्तांनी हे मनावर घ्यावं.

नावांचा गोंधळही आपण लवकर मिटवायला हवा. जिल्ह्याचं नाव 2023 साली अधिकृतपणे धाराशिव झालं, त्याच वर्षी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. एकाच रस्त्यावर एका पाटीवर जुनं नाव आणि पुढच्या पाटीवर नवं नाव दिसलं, तर तेलंगणातून आलेल्या माणसाला ती दोन वेगळी गावं वाटतात. चिकटपट्टी लावून अर्धवट झाकलेलं नाव तर कोणालाच वाचता येत नाही. उमरगा आणि लोहारा तालुक्यांत 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर अनेक गावं नव्या जागी वसली. तिथल्या पाटीवर गाव नव्या जागेचं की जुन्या, हे स्पष्ट हवं. आणि महामार्ग 65 वर मराठी-इंग्रजीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगूत तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर ही नावं लिहिली, तर येणाऱ्याला घरच्यासारखं वाटेल.

'पाटी कोणाची?' या प्रश्नावर येऊन आपली बहुतेक कामं अडतात. राष्ट्रीय महामार्ग वेगळ्या यंत्रणेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आतले रस्ते जिल्हा परिषदेकडे. शिवाय लेण्यांशी पुरातत्त्व विभागाचा संबंध, अभयारण्याशी वन विभागाचा. सामान्य माणसाने एवढंच करावं: जवळचा किलोमीटरचा दगड बघावा. त्याचं डोकं पिवळं असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडावरचा आकडा लिहून घ्यावा, पाटीचा फोटो काढावा. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा क्रमांक आहे, बाकीच्यांसाठी 'आपले सरकार' संकेतस्थळावर तक्रार करता येते. 'फाट्यावरची पाटी पडली आहे' एवढंच कळवलं, तर त्यातून काही होत नाही. रस्ता, किलोमीटर आणि कुठल्या गावाकडे जाणारी पाटी, या तीन गोष्टी लिहिल्या तर अधिकाऱ्याला टाळता येत नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून तोच मजकूर लेखी पाठवला, तर आणखी चांगलं.

स्वतः काम करताना काही गोष्टी सांभाळा. महामार्गाच्या उंच कमानीवरच्या पाटीवर कोणी चढू नये, ते काम यंत्रणेचं. मुलांना महामार्गावर नेऊ नका. शाळांनी गावातल्या आणि आतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर लक्ष ठेवावं, तेवढं पुष्कळ आहे. रेडियमची पाटी साध्या पाण्याने, साबणाने आणि फडक्याने पुसा. रॉकेल, तारेचा ब्रश, राख वापरू नका. पुसट अक्षरांवर हौसेने ऑइलपेंट फिरवू नका, कारण तो रंग रात्री उजळत नाही आणि पाटी कायमची बाद होते. फांद्या तोडताना खांबाच्या मागच्याच तोडू नका. गाडीतून येणाऱ्याला लांबून पाटी दिसली पाहिजे, म्हणून रस्त्याने पन्नास-शंभर पावलं मागे जाऊन नजर टाका आणि आड येईल तेवढंच काढा. मोठ्या झाडाला हात लावू नका.

ढाबेवाल्यांना, लॉजवाल्यांना आणि कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमची पाटी लागायला हवी, पोट त्यावर आहे. पण हिरव्या, निळ्या, तपकिरी सरकारी पाट्यांची नक्कल करू नका. पर्यटनस्थळांसाठी तपकिरी रंग इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेने ठरवून दिलेला आहे, आणि चालक त्यावर विश्वास ठेवतो. वळणावर, पुलाच्या कठड्यावर पाटी लावू नका. अंतर खरं लिहा. 'फक्त 2 किमी' वाचून आत वळलेल्या माणसाला सात किलोमीटर जावं लागलं, तर तो पुढच्या वेळी आपल्या कुठल्याच पाटीवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचा फटका तुमच्या शेजारच्या प्रामाणिक माणसालाही बसतो.

मंडळांनो, ज्योत आणायला कोण जाणार, टेम्पो कोणाचा, मुक्काम कुठे, हे ठरवायला या आठवड्यात तुमच्या बैठका बसतील. त्याच बैठकीत गावच्या फाट्यावरच्या पाटीसाठी दोघांची नावं लिहून घ्या, दिवस ठरवा आणि पाटीवर आपल्याच मंडळाचा फ्लेक्स असेल तर तो त्याच संध्याकाळी उतरवा.