शेजारीण नव्हे, कामगार!

गेली काही वर्षं मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आशाताईंची शिबिरं घेते. प्रथमोपचार, बाळंतपणातले धोके, नवजात बाळाची काळजी असे विषय असतात. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एका शिबिरात मी विचारलं, “गेल्या वर्षभरात रात्री-अपरात्री पेशंट घेऊन कोणाकोणाला जावं लागलं?” सगळ्या हात वर करून बसल्या. “आणि त्या रात्रीचे पैसे किती जणींना मिळाले?” बाळंतपणाच्या केस नेणाऱ्या काहींचे हात वर राहिले, बाकीचे खाली आले. एक ठाकर समाजाची ताई हसत म्हणाली, “ताई, पैशाचं सोडा. आमचं नावसुद्धा कागदावर येत नाही.”

तिनं सांगितलेली हकिकत अशी. तिच्या वाडीत एका बाईला रात्री फुरसं चावलं. वाडीला गाडीचा रस्ता नाही. घरचे भगताकडे निघाले होते. ही भगताशी भांडली नाही. “बाबा, तुम्ही मंत्र म्हणा, पण चालता चालता म्हणा,” असं म्हणून तिनं चादरीची झोळी बांधायला घेतली. जखम कापू दिली नाही, दोरी आवळू दिली नाही, पाय हलू दिला नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवली. 108 ला फोन लागेपर्यंत एक जण टेकडीवर रेंज शोधत उभा होता. चौघांनी झोळी खाली आणली आणि ही बॅटरी धरून पुढे चालली. डांबरी रस्त्यावर गाडी मिळाली आणि बाई वाचली. दवाखान्यातल्या कागदावर ‘सोबत आलेल्या व्यक्तीचं पेशंटशी नातं’ असा रकाना होता. तिनं ‘आशा’ सांगितलं. लिहिणारा म्हणाला, “ते नातं नाही.” मग त्यानं लिहिलं, ‘शेजारीण’.

मैत्रिणींनो, मला राग आला तो त्या लिहिणाऱ्याचा नाही. त्यानं शासनाचं धोरणच एका शब्दात लिहिलं.

सर्पदंशाच्या पेशंटला वाचवणारं औषध सरकारी दवाखान्यात असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर ती एकच लस चालते. विंचूदंशावर याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले किती तरी जीव वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच मिळाली. पण औषध दवाखान्यात असतं आणि पेशंट डोंगरावर. मधलं अंतर कोण कापतं? ते कापायला कौशल्य लागतं, की नुसता सेवाभाव पुरतो?

शासन म्हणेल, आम्ही 108 आणली. खरं आहे. 2014 साली महाराष्ट्रात ही सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टरही दिला. तिच्यावर राबणाऱ्या कंत्राटी डॉक्टर-ड्रायव्हरांशी आमचं मुळीच भांडण नाही, तेही आमच्यासारखेच अधांतरी. पण गाडी डांबर संपतं तिथं थांबते. खालापूर तालुक्याच्या छातीवरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्या रस्त्यावर गाडी आपटली तर मदतीला गाड्या धावतात. त्याच तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या वाडीतून बाळंतीण मात्र अजून झोळीतून उतरते.

19 जुलै 2023 ची रात्र आठवा. इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे जवानांना पावसात, अंधारात पायी चढावं लागलं. यंत्रं वर नेता येईनात. मदतीला चढणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच गेला. त्याआधी दोनच वर्षं, 22 जुलै 2021 ला, महाड तालुक्यातलं तळिये असंच गाडलं गेलं होतं. या डोंगरात बाहेरची मदत पोचायला तासच्या तास जातात. पहिले काही तास वाडीचे वाडीलाच काढावे लागतात. म्हणून वाडीत एक शिकलेली, सराव असलेली, साहित्य जवळ असलेली बाई असणं ही चैन नाही. आपत्कालीन सेवेची ती पहिली कडी आहे. त्या कडीला आपण ‘स्वयंसेविका’ म्हणतो आणि हात झटकतो.

हे काम खेड्यातल्या बाया करू शकतात का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. 1970 साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी निरक्षर, दलित बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं, आणि पुढे त्याच बाया इतरांना शिकवू लागल्या. आपल्याच जिल्ह्यात मांडव्याला डॉ. नोशीर अंतिया यांनी सत्तरच्या दशकात गावातल्या बायांना तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूत बायांनी घरोघर जाऊन बाळं सांभाळली. तिथं नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. सरकारनं यातून काय घेतलं? 1977 साली गावोगाव आरोग्यरक्षक नेमले, त्यांना महिना 50 रुपये दिले, आणि निवडले ते बहुतेक पुरुष! 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा बाया आठवल्या. बाईचं काम घेतलं, बाईची स्वस्ताई घेतली. शिक्षण, साहित्य, पाठीशी उभं राहणं आणि मान यांचा मात्र विसर पडला.

हिशेब बघा. नवजात बाळाच्या घरी 42 दिवसांत ठरलेल्या सगळ्या भेटी दिल्या की 250 रुपये. एकच भेट चुकली तर भांडा. केंद्राकडून नियमित कामाचे महिना 2,000 रुपये मिळू लागले ते 2018 नंतर. करोनात जिवावर उदार होऊन घरोघर फिरण्याचे केंद्राचे जादा 1,000 रुपये महिना, म्हणजे दिवसाला चहा-वडापावाचे पैसे. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 2024 च्या थंडीत याच गौरवलेल्या बाया मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या तेव्हा कुठे मार्च महिन्यात राज्य सरकारनं 5,000 रुपयांची वाढ दिली. ती कुणी दिलेली भीक नाही, लढून मिळवलेली आहे. त्याच वर्षी कामावर अपघाती मृत्यू आल्यास 10 लाखांचं साहाय्यही ठरलं. चांगलंच झालं. पण बघा, बाई मेली की तिची किंमत ठरते. जगली आणि वीस वर्षं राबली तर तिला ना पद, ना बढती, ना ग्रॅच्युइटी. मोबदल्याचे जे तक्ते मी शिबिरात समजावून सांगते त्यांत सर्पदंशाची ओळ नाही, बुडालेल्या पोराची नाही, दरडीची तर नाहीच.

“पैसे मागितले की सेवाभाव संपतो,” असं साहेब लोक सांगतात. साहेबांचा पगार सुरू झाल्यावर त्यांचा सेवाभाव संपला का? हा प्रश्न डॉक्टरला कुणी विचारत नाही, तहसीलदाराला विचारत नाही. सेवाभावाची सक्ती फक्त बाईला, कारण घरात ती फुकट राबते तसंच गावातही राबेल अशी सगळ्यांची खात्री आहे.

दुसरं म्हणणं, “शिक्षण कमी आहे.” मग शिकवा की! एएनएम व्हायला बारावी लागते. वाडीतली मुलगी दहावीपर्यंत पोचते तीच मारामारीनं. पुढे लग्न, वीटभट्टीचं स्थलांतर, पोरं. आशा झाल्यावर ती दहा-पंधरा वर्षं रोज आरोग्याचंच काम शिकते, करते, पण त्या अनुभवाचा एक गुणही कुठल्या प्रवेशात धरला जात नाही. वरची पायरी एकच, गटप्रवर्तकाची, आणि तीही पक्की नाही. माझ्यासारखी शिकवणारी शिबिराच्या दिवसांवर मोजली जाते. शिबिर नसेल त्या महिन्यात चूल माझ्या भावाच्या पगारावर. म्हणजे शिकणारी अधांतरी आणि शिकवणारीही अधांतरी!

थोडं आपल्यालाही बोलते. आठ मार्चला आपण आशाताईला बोलावतो, शाल-नारळ देतो, “तुम्ही आमच्या रणरागिणी” म्हणतो. मीही म्हटलं आहे. देवी म्हटलं की नोकरीचा हुकूम द्यावा लागत नाही, हे आपल्याला कळायला हवं होतं.

तेव्हा मागणी शाल-नारळाची नाही. पहिली मागणी पदाची. 2013 साली 45 व्या भारतीय श्रम परिषदेनं योजनेवरच्या बायांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या असं सांगितलं, ते अमलात आणा. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी ताईंचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आशांनी काय घोडं मारलं? दुसरी मागणी, आपत्काळातलं काम तक्त्यात आणा आणि ते तासांवर मोजा. झोळीची वाट, गाडीतला प्रवास, दवाखान्याबाहेर काढलेली रात्र सगळं धरा. तिसरी, शिडी द्या. पगारी रजा देऊन दहावी-बारावी करू द्या, एएनएमच्या आणि रुग्णवाहिकेवरच्या तंत्रज्ञाच्या शिक्षणात अनुभवी आशांसाठी जागा राखा. चौथी, जिनं वीस वर्षं झोळ्या उतरवल्या तिला शिक्षिका नेमा. नवीन पोरींना शिकवायला तिच्याइतकं लायक माणूस शहरातून येणार नाही. आणि पाचवी मागणी रस्त्याची, कारण कितीही शिकलेली बाई असली तरी झोळी ही रुग्णवाहिका नव्हे.

मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येकजणी सुट्टीला कर्जतला येता. तुमच्या फार्महाउसमागच्या वाडीत कोण आशा आहे, तिला विचारा. तुमच्या पोराला विंचू चावला तर रात्री पहिली धावून येणारी तीच असेल. तेव्हा तुम्ही तिला शेजारीण म्हणाल का?

शिबिर संपताना त्या ताईला मी म्हटलं, पुढच्या वेळी त्या रकान्यात ‘आरोग्य कामगार’ लिहायला सांग. ती म्हणाली, “मी सांगन. पण लिवायला त्याला सरकारनं सांगाया हवं ना?” म्हणूनच पुढच्या मोर्च्याला आपण सगळ्यांनी तिच्याबरोबर जायचं आहे.