जबडा काढला, पुढचं कोण बघणार?

आमच्या ओळखीतले एक अण्णा २०२१ पासून कुणाच्या लग्नात जेवायला बसलेले नाहीत.

दुसऱ्या लाटेत कोरोना झाला. त्यातून वाचले, तर मागोमाग काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. जीव वाचवायला वरचा जबडा काढावा लागला. टाळूला भोक राहिलं. पाणी प्यायले की नाकातून येतं, बोललेलं समोरच्याला कळत नाही. दुकानाचा गल्ला मुलाकडे देऊन माणूस घरात बसलाय.

सरकारने तेव्हा हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला, ते चांगलंच केलं. ऑपरेशन झालं. पण दात-टाळूचं विचारायला गेल्यावर एका टेबलावर उत्तर मिळालं, "ते सौंदर्याचं काम, यात बसत नाही."

घास गिळणं हे सौंदर्य आहे का हो?

यावर उपाय आहे. साधा उपाय म्हणजे भोक बंद करणारी, दात लावलेली प्लेट. तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ती धरून ठेवायला दात, हाड उरलं नसेल तर गालाच्या हाडात टायटॅनियमचे लांब स्क्रू बसवून त्यावर दात पक्के करतात. डोळा किंवा गाल गेला असेल तर तेवढा भाग सिलिकॉनचा करता येतो. टायटॅनियमचं इम्प्लांट स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्येच रुग्णाच्या तोंडात बसवलं होतं. म्हणजे हा काही कालपरवाचा प्रयोग नाही.

आणि प्रश्न फक्त कोरोनावाल्यांचा नाही. गुटखाबंदी २०१२ ला झाली, पुड्या आजही मिळतात. तोंडाच्या कॅन्सरमध्येही जबडा जातो.

माझं म्हणणं एवढंच : जबडा काढणं आणि परत खाता-बोलता करणं हा एकच उपचार धरा, एकाच फाइलमध्ये. ऑपरेशनआधी तोंडाचं माप घेतलं तर तात्पुरती प्लेट ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते. त्यासाठी सर्जन आणि दातांच्या डॉक्टरांनी आधी एकत्र बसायला हवं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. जिल्हा रुग्णालयाने डिस्चार्ज देतानाच तिथली चिठ्ठी द्यावी. रुग्णाने स्वतः शोधत का फिरायचं?

घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच विचारा, "प्लेटचं माप कधी घेणार?" नाही म्हणाले तर लेखी मागा.

आणि तालुक्यात असे रुग्ण माहितीत असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नावं कुठेही छापणार नाही. यादी करून जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आमदारांना देऊ. अण्णांचं नाव पहिलं आहे, त्यांना विचारूनच लिहिलंय.