हवेचा हिशेब आधी

रस्ते-बोगद्याचा कोणताही प्रकल्प अहवाल उघडा. खडकाची प्रतवारी, आधार, जलरोधन, अस्तर यांची प्रकरणे भरगच्च असतात. वायुवीजन मात्र शेवटाकडे, विद्युत आणि यांत्रिकी कामांच्या गठ्ठ्यात कुठेतरी जाऊन बसते. छेद ठरतो, खोदाई सुरू होते आणि मग पंखेवाल्याला बोलावणे जाते. मोटारींच्या बोगद्यात हवा कशी खेळवायची हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा मुळापासून सोडवला तो माणूस स्थापत्य अभियंता होता, हे म्हणूनच पुन्हा सांगावेसे वाटते.

ओले सिंगस्टाड यांचा जन्म १८८२ सालचा, नॉर्वेतल्या लेन्सविकचा. १९०५ मध्ये ट्राँडहाइमच्या तंत्रशाळेतून ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिका गाठली. आधी रेल्वेच्या नोकऱ्या, मग हडसन नदीखालचे रेल्वे बोगदे, मग न्यूयॉर्कचा भुयारी मार्ग. कुठल्याही परदेशी इंजिनिअरच्या वाट्याला येते तशीच ही सुरुवात होती. खरे काम पुढे आले ते क्लिफर्ड हॉलंड यांच्या हाताखाली, हडसनखालून मोटारी नेणाऱ्या बोगद्याचे डिझाइन करताना.

अडचण लांबीची होती. लंडनमध्ये टेम्सखालून रस्ते-बोगदे होते, पण ते घोडागाड्यांच्या काळातले आणि तिथे नैसर्गिक हवा पुरत असे. इथे अडीच किलोमीटरहून लांब नळीत एकामागोमाग मोटारी आणि प्रत्येकीच्या धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड! मोटार किती वायू सोडते, माणसाला तो किती सोसतो आणि काँक्रीटच्या वाहिनीतून एवढी हवा ढकलायला दाब किती लागतो, या तिन्हींचे भरवशाचे आकडे कोणाकडेच नव्हते.

तेव्हा आधी आकडे मिळवायचे ठरले. पिट्सबर्गजवळ ब्रूस्टन इथल्या सरकारी प्रायोगिक खाणीत मोटारींसाठी अंडाकृती चाचणी-मार्ग खोदला. येल विद्यापीठात यांडेल हेंडरसन यांनी बंद खोलीत माणसांना बसवून वायूचा परिणाम तपासला. दहा हजार भाग हवेत वायूचे चार भाग, ही मर्यादा तिथून आली. (आजच्या मार्गदर्शक मर्यादा याच्या कितीतरी खाली आहेत, ते सोडा.) वाहिन्यांमधल्या घर्षणाच्या चाचण्या इलिनॉय विद्यापीठात झाल्या.

मग छेद आखला. हवा एका तोंडातून आत घालून दुसऱ्यातून काढायची तर बोगद्यात वादळ सुटले असते, आणि आग लागली तर ज्वाळा त्याच वाऱ्यावर पुढे धावल्या असत्या. म्हणून आडवे वायुवीजन. ताजी हवा रस्त्याखालच्या पोकळीतून येते, कडेच्या फटींतून गाड्यांच्या उंचीवर बाहेर पडते, वर जाते आणि छतावरच्या वाहिनीतून ओढली जाते. गोल नळीत रस्त्याच्या खाली आणि छताच्या वर जी जागा एरवी वाया जाते, तीच वाहिनी झाली. चार मनोरे, त्यांपैकी दोन थेट नदीत. त्यांत ८४ पंखे, निम्मे हवा देणारे, निम्मे ओढणारे. साधारण दीड मिनिटात आतली सगळी हवा बदलते.

हॉलंड १९२४ च्या ऑक्टोबरात, दोन्हीकडची खोदाई भेटण्याच्या तोंडावर वारले. त्यांच्या जागी आलेले मिल्टन फ्रीमन काही महिन्यांतच गेले आणि काम सिंगस्टाड यांनी पुरे केले. १३ नोव्हेंबर १९२७ ला वाहतूक सुरू झाली. नाव हॉलंड यांचे लागले, आणि ते योग्यच होते.

खरी परीक्षा १३ मे १९४९ रोजी झाली. कार्बन डायसल्फाइडची पिंपे नेणारा ट्रक आत पेटला, छत ढासळले, मागचे ट्रक जळाले, ६६ जण जखमी झाले. पण त्या बोगद्यात जागच्या जागी कोणी दगावले नाही. एवढ्या आगीत हे घडले याचे बरेचसे श्रेय धूर वरच्या वर ओढून घेणाऱ्या रचनेला द्यावे लागते.

तेच डिझाइन आज जसेच्या तसे उचला, असे मात्र आम्ही म्हणत नाही. इंजिने स्वच्छ झाली. एकेरी वाहतुकीच्या जोडबोगद्यात उभे वायुवीजन पुरते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बोगद्यांत सॅकार्डो पद्धत बसवली आहे, आणि तिचे मूळ तर एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन रेल्वे बोगद्यांत आहे. पण पद्धत निवडणे वेगळे आणि तिच्यामागचे आकडे आपले असणे वेगळे. आपल्या घाटातली चढण, पहिल्या गियरमध्ये कण्हत जाणारे ओव्हरलोड ट्रक, पावसाळ्यात तोंडाशी फिरणारा वारा यांची उत्तरे परदेशी तक्त्यात मिळायची नाहीत.

म्हणून आमच्या वाचकांना, विशेषतः बोगद्यांच्या देखभालीवर असलेल्या अभियंत्यांना, विनंती आहे. बोगदा सुरू झाल्यानंतर प्रत्यक्ष मोजलेले वायूचे प्रमाण, हवेचा वेग, दृश्यता आणि धूरचाचणीच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. निविदेतले आकडे नकोत. अपेक्षेपेक्षा वाईट आलेल्या नोंदीही तितक्याच हव्या आहेत. त्या आम्ही प्रकल्पाचे नाव न देता छापू.