करवंदाला ब्लॅकबेरी म्हणू नका

इंग्रजी गोष्टींची मराठी भाषांतरे करताना 'ब्लॅकबेरी'च्या जागी 'करवंद' किंवा 'जांभूळ' लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. आता तिची उलटी बाजू घराघरांत दिसते. मुलांच्या हातावर करवंद ठेवून 'ही आपली ब्लॅकबेरी' असे कौतुकाने सांगितले जाते. या दोन्ही सवयींना आमचा स्पष्ट विरोध आहे.

ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली, करवंद कण्हेरीच्या आणि जांभूळ पेरू-लवंगेच्या. ब्लॅकबेरी इंग्लंडात भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पिकते, करवंद आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात. काळा रंग सोडला तर या फळांत साम्य ते कोणते?

व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत (१८३७ ते १९०१) इंग्रजांनी या फुकटच्या रानफळाला काय मान दिला, तेही पाहण्याजोगे आहे. खेड्यांतील गरिबांची मुले कुंपणांवरून ते वेचून आणीत. १८७४ साली साखरेवरील जकात उठली आणि मुरंबा सामान्यांच्या आवाक्यात आला. मॉरिस यांच्या प्रसिद्ध कंपनीसाठी केट फॉकनर या बाईंनी १८७९ साली याच काटेरी झुडपाची नक्षी भिंतीच्या कागदावर उतरवली. बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या १९०२ सालच्या 'पीटर रॅबिट'मध्ये शहाण्या भावंडांना रात्रीच्या जेवणात हेच फळ मिळते. आपले फळ त्यांनी आपल्याच नावाने दिवाणखान्यात नेले.

आणि आपण? 'डोंगरची काळी मैना' ही विक्रेत्यांची आरोळी, पळसाच्या पानांचे द्रोण, ओठांना चिकटणारा चीक, फळ फोडून आतला रंग पाहत 'कोंबडा की कोंबडी' म्हणून लावलेली पैज, हे सारे 'करवंद' या एका शब्दात साठवलेले आहे. जांभळाने रंगाला नाव दिले. बोराने बोरमाळ दिली, बोरन्हाण दिले. शाहीर विठ्ठल उमप यांनी 'जांभूळ आख्यान' रंगभूमीवर गाजवले. ज्या रानमेव्याने आपली भाषा, दागिने आणि संस्कार सजवले, त्याला उसन्या नावाची गरज काय?

'अर्थ कळला म्हणजे झाले, नावात काय आहे?' असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर आहे की, अर्थ कळलेलाच नसतो. भाषांतर वाचणाऱ्या मुलाला इंग्लंडचे कुंपण दिसत नाही आणि 'ब्लॅकबेरी' ऐकणाऱ्याला सह्याद्रीतली करवंदीची जाळी दिसत नाही. एका शब्दाच्या आळसाने दोन्ही फळे हातची जातात.

पिढ्यान्पिढ्या सुरतेत राहिलेल्या आपल्या कुटुंबांना तर ही सबब मुळीच शोभत नाही. येथे 'करमदां' हा गुजराती शब्द प्रचलित आहे. तो आणि आपले 'करवंद' दोघेही संस्कृत 'करमर्द' या शब्दाची लेकरे. घरातले मूल करमदां म्हणाले तर ते मावशीच्या घरी गेले असे समजावे. ब्लॅकबेरी म्हणाले तर मात्र ते आईलाही विसरले आणि मावशीलाही. ज्या नगरीच्या नर्मदाने शब्दाशब्दासाठी झिजून १८७३ साली 'नर्मकोश' छापला, तिथे राहून आपण शब्दांविषयी इतके बेफिकीर व्हावे, हे लाजिरवाणे आहे.

तेव्हा वाचकहो, आमचे मागणे साधे आहे. भाषांतरात ब्लॅकबेरीला ब्लॅकबेरीच राहू द्या. लागल्यास एका ओळीची टीप द्या. आणि येत्या वैशाखात करमदां घरी आली, की नातवंडांना दोन शब्द शिकवा: एक या मातीचा, एक आपल्या मायबोलीचा. तिसऱ्याची आवश्यकता नाही.