विश्लेषण : हसरा राष्ट्राध्यक्ष आणि नोकरी गेलेला पत्रकार... 'ट्रान्समेट्रोपोलिटन' आज इतकी ओळखीची का वाटते?

जानेवारी २०२५ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या व्यंगचित्रकार अॅन टेल्नेस यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्राचे मालक जेफ बेझोस यांच्यासह काही धनाढ्य उद्योजक डोनाल्ड ट्रम्प यांच्यापुढे गुडघे टेकताना त्यांनी दाखवले होते आणि ते चित्र छापले गेले नाही. संपादकांनी पुनरुक्तीचे कारण दिले, टेल्नेस यांना ते पटले नाही. पुढच्याच महिन्यात 'असोसिएटेड प्रेस'च्या बातमीदारांना व्हाइट हाउसच्या अनेक कार्यक्रमांतून वगळण्यात आले. या वृत्तसंस्थेने 'मेक्सिकोचे आखात' हे नाव सोडण्यास नकार दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेंटागॉनच्या नव्या अटी अमान्य असल्याने बहुतेक मोठ्या माध्यमांच्या प्रतिनिधींनी आपली प्रवेशपत्रे परत करून इमारत सोडली. अशा बातम्या येतात तेव्हा कॉमिक्सच्या वाचकांना एक टकला, अंगभर गोंदवलेला, एक काच लाल आणि दुसरी हिरवी असा चष्मा घालणारा पत्रकार आठवतो. त्याचे नाव स्पायडर जेरुसलेम आणि मालिकेचे नाव 'ट्रान्समेट्रोपोलिटन'.

काय आहे ही मालिका?

ब्रिटिश लेखक वॉरन एलिस आणि अमेरिकी चित्रकार डॅरिक रॉबर्टसन यांची ही मालिका १९९७ ते २००२ या काळात ६० अंकांत प्रसिद्ध झाली. 'डीसी कॉमिक्स'च्या 'हेलिक्स' या विज्ञानकथांच्या शाखेतून ती सुरू झाली. ती शाखा लवकरच बंद पडली आणि मालिका प्रौढ वाचकांसाठीच्या 'व्हर्टिगो'कडे गेली. पुढे सगळे अंक दहा खंडांत एकत्र आले. बॅटमॅन आणि सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीने काढलेली ही मालिका असली, तरी तिच्यात कोणालाच उडता येत नाही. नायकाकडे लिहिण्याचे यंत्र, चष्म्यातला कॅमेरा आणि बेताल तोंड एवढेच आहे. (एक विचित्र बंदूकही आहे, ती समोरच्याचे पोट बिघडवते. घरात पुस्तक वाचणारी मुले असतील तर ही मालिका वरच्या फळीवर ठेवलेली बरी.)

कथा भविष्यातल्या अमेरिकेत घडते. साल सांगितलेले नाही, शहरालाही नाव नाही, सगळे त्याला नुसते 'शहर' म्हणतात. तिथे माणसे हौसेने परग्रहवासीयांची जनुके अंगात घालून घेतात, जाहिराती थेट स्वप्नांत शिरतात आणि घरातले वस्तू बनवून देणारे यंत्र स्वतःच नशेच्या आहारी गेलेले असते. अशा शहराला कंटाळून स्पायडर पाच वर्षे डोंगरात एकटा राहिलेला असतो. पण प्रकाशकाला दोन पुस्तके देणे बाकी असते, पैसे संपलेले असतात आणि लिहायचे तर शहरातच यावे लागते. तो परततो, 'द वर्ड' या वृत्तपत्रात स्तंभ सुरू करतो. स्तंभाच्या नावाचा अर्थ होतो, 'मला इथला तिटकारा आहे'.

हा पत्रकार कोणावर बेतला आहे?

हंटर एस. थॉम्पसन यांच्यावर. बातमीदाराने तटस्थतेचा आव न आणता स्वतः बातमीत उतरायचे, आपला राग, भीती, नशा सगळे कागदावर आणायचे, ही 'गोंझो' म्हणून ओळखली जाणारी शैली त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. १९७२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे वार्तांकन त्यांनी 'रोलिंग स्टोन'साठी केले. रिचर्ड निक्सन यांच्याबद्दलचा त्यांचा तिरस्कार निक्सन यांच्या मृत्यूनंतरही कमी झाला नाही. १९९४ मध्ये लिहिलेल्या मृत्युलेखातही त्यांनी निक्सन यांना सोडले नाही.

मालिकेच्या पहिल्या काही अंकांत याच शैलीचे सामर्थ्य दिसते. शहराच्या एका वस्तीत पोलीस लोकांना बेदम मारत असतात. दंगल घडवण्यासाठी आधी पैसे पेरलेले असतात. स्पायडर एका इमारतीच्या छपरावर चढून दिसेल ते लिहू लागतो, मजकूर त्याच क्षणी शहरभरच्या पडद्यांवर झळकतो, लोक संतापतात आणि पोलिसांना मागे हटावे लागते. घरी परतताना पोलीस त्याला गाठून तुडवतात, तो रक्ताळलेल्या तोंडाने हसत राहतो. पत्रकारितेचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेल्या कोणालाही हे वाचून स्फुरण चढेल. पण मालिकेचा खरा विषय त्यापुढे सुरू होतो. छपरावरून लिहून दंगल थांबवण्याची किमया स्पायडरला पुढे इतक्या सहजपणे पुन्हा साधत नाही.

'पशू' आणि 'हसऱ्या'त फरक काय?

सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला स्पायडरने 'पशू' असे नाव दिले आहे. हा उघडउघड भ्रष्ट आणि निर्दय माणूस निक्सन यांची आठवण करून देतो. त्याच्याविरुद्ध उभा असतो गॅरी कॅलहन, टोपणनाव 'हसरा'. चेहऱ्यावरचे हसू कधी मावळत नाही, भाषणे नीटनेटकी, प्रचारयंत्रणा झकास. याच वर्षी, मे १९९७ मध्ये, हसतमुख टोनी ब्लेअर ब्रिटनचे पंतप्रधान झाले होते आणि एलिस ब्रिटिश आहेत, हे लक्षात घेतले तर व्यंगाचा रोख एका देशापुरता राहत नाही.

दोघांच्या मुलाखती हा मालिकेतला सर्वांत जमलेला भाग. 'पशू' सांगतो, की ५१ टक्के लोकांना रात्री पोटभर जेवण मिळाले तर आपण आपले काम केले असे तो मानतो. ऐकायला हे भयंकर आहे. पण त्यात निदान एक हिशेब आहे, काहीतरी करायचे आहे ही कल्पना आहे. 'हसऱ्या'कडे तेवढेही नाही. सत्ता कशासाठी हवी, तर लोकांचा त्याला राग येतो म्हणून, त्यांना छळता यावे म्हणून. भ्रष्टाचार म्हटले की आपल्यासमोर टक्केवारी, कंत्राटे, पाकिटे येतात. एलिस यांचा भ्रष्टाचार पैशाचा नाहीच. सत्तेचा काही उपयोग असतो ही समजूतच ज्याने सोडून दिली आहे अशा माणसाच्या हाती ती जाणे, हा तो भ्रष्टाचार.

आणि तो निवडून कसा येतो? मालिकेतला सर्वांत कडवट भाग इथे आहे. त्याच्या प्रचाराची सूत्रे सांभाळणारी व्हिटा सेव्हर्न ही स्पायडरला मनापासून आवडलेली एकमेव राजकीय व्यक्ती. ती कॅमेऱ्यांसमोर गोळी लागून मरते, सहानुभूतीची लाट येते आणि 'हसरा' जिंकतो. ती हत्या कोणी घडवली हे स्पायडरला पुढे कळते. 'पशू'ला घालवण्यासाठी वर्षानुवर्षे लेखणी झिजवलेल्या पत्रकाराने नकळत त्याहून वाईट माणसाची वाट मोकळी केलेली असते.

बातमी मारली कशी जाते?

कॅलहन अध्यक्ष झाल्यावर स्पायडरचे लेख अडवले जातात. त्यासाठी वापरला जातो तो 'डी-नोटीस' हा शब्द एलिस यांनी मायदेशातून उचलला आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने काय छापू नये याची सूचना संपादकांना देण्याची ही ब्रिटिश पद्धत १९१२ पासून चालत आली आहे. वास्तवात ती सल्ल्यापुरती आहे, पाळणे सक्तीचे नाही. कॉमिक्समध्ये मात्र नोटीस आली की विषय संपतो. खऱ्या अमेरिकेत सरकारला असा अधिकार सहज मिळत नाही. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे छापण्यापासून 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'ला रोखण्याचा निक्सन सरकारचा प्रयत्न जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हाणून पाडला होता.

मग मालिका इथे चुकली का? साधनाच्या बाबतीत चुकली, दिशेच्या बाबतीत नाही. नोटिशीनंतरची पुढची पायरी म्हणजे नोकरी जाणे. 'द वर्ड' स्पायडरला काढून टाकते आणि त्यामागे कोणी खलनायक संपादक नसतो. संपादक मिचेल रॉइस त्याचा जुना मित्र आहे, शिव्या देत देत त्याचे लेख छापणारा. पण वृत्तपत्राला मालक असतात, मालकांना इतर धंदे असतात आणि सरकारशी वैर किती महाग पडेल याचा हिशेब कोणीतरी वरच्या मजल्यावर मांडत असतो. 'एबीसी न्यूज'ने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या बदनामीच्या दाव्यात दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. 'सीबीएस'ची मालक कंपनी पॅरामाउंटने जुलै २०२५ मध्ये आणखी एका दाव्यात एक कोटी ६० लाख डॉलर मोजले. तेव्हा या कंपनीच्या मोठ्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळायची होती. दोन्ही ठिकाणी ना नोटीस निघाली, ना छापखान्याला कुलूप लागले.

नोकरी गेल्यावर स्पायडर 'द होल' या चोरट्या वाहिनीवर लिहू लागतो. आजच्या भाषेत स्वतःचे यूट्यूब चॅनल काढणे म्हणता येईल. तिथे त्याला मोकळीक मिळते, पण बातमीला लागणारा भार मिळत नाही. एकट्याने सांगितलेली गोष्ट 'त्याचे म्हणणे' म्हणून झटकता येते. शिवाय शहरावर एक महाभयंकर वादळ येते आणि पुराव्यांचीही धूळधाण होते. मेंदूचा एक आजार त्याची स्मरणशक्ती हळूहळू खाऊ लागतो. छपरावरचा वीर इथून पुढे कारकुनी करताना दिसतो. साक्षीदार शोधायचे, त्यांना जिवंत ठेवायचे, नोंदींच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, कोणते चित्रण कोणत्या वेळेचे हे जुळवायचे. चॅनन आणि येलेना या दोन सहायकांशिवाय यातले काही झालेच नसते. शेवटच्या दोन खंडांत आरडाओरडा कमी आणि पडताळणी जास्त आहे. काही वाचकांना ते संथ वाटते. मालिकेचा सर्वांत प्रामाणिक भाग मात्र तोच.

पत्रकार खरेच सरकार पाडू शकतो?

इथे मालिकेची मर्यादा दिसते. तिच्यात न्यायालये, संसद, चौकशी समित्या फारशा दिसत नाहीत. एक स्पायडर आणि एक राष्ट्राध्यक्ष असा सामना आहे. वॉटरगेटची हकीकत वेगळी होती. त्या इमारतीतली घरफोडी १७ जून १९७२ ची. बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांच्या महत्त्वाच्या बातम्या त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत छापून आल्या होत्या. तरी नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. ते पायउतार झाले ते ९ ऑगस्ट १९७४ रोजी. मधल्या पावणेदोन वर्षांत सिनेटची सुनावणी झाली, ध्वनिफितींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, स्वपक्षीयांनी साथ सोडली. बातमीने दार उघडले, आत दुसरेच लोक गेले.

मराठी वाचकाला इथे दिगू टिपणीस आठवेल. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये काढलेल्या 'सिंहासन' चित्रपटातला, निळू फुले यांनी साकारलेला बातमीदार. त्यालाही सगळे ठाऊक असते, कोण कोणाला भेटले, कोण फुटणार, कोणाला काय मिळणार. स्पायडरला जे कळते त्याचे शस्त्र करता येते, दिगूला त्याचे फक्त ओझे होते. साधू स्वतः पत्रकार होते, त्यामुळे कोणते चित्र अधिक खरे याचे उत्तर अवघड नाही.

भाकिते किती खरी ठरली?

मालिका सुरू झाली तेव्हा गूगल ही कंपनीही स्थापन झालेली नव्हती, फेसबुक यायला सात वर्षे होती आणि आयफोन यायला दहा. कॅमेऱ्याचे चष्मे आता दुकानात मिळतात, घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण कोणीही करते. पण लेखकाचा अंदाज यंत्रांपेक्षा वाचकांबाबत अधिक अचूक निघाला. त्याच्या शहरात माहितीवर बंदी नाही, उलट तिचा पूर आहे. लोकांना घोटाळा कळतो, ते दोन मिनिटे संतापतात आणि वाहिनी बदलतात. स्पायडरचा राग राजकारण्यांइतकाच या प्रेक्षकांवरही आहे.

एक गोष्ट इथे टाळता येत नाही. २०२० मध्ये अनेक स्त्रियांनी, प्रसिद्धी आणि वजनाचा वापर करून आपल्याला नात्यांत ओढल्याचे आरोप एलिस यांच्यावर केले. त्यांनी जाहीर माफी मागितली, मात्र जाणूनबुजून कोणावर दबाव आणल्याचे नाकारले. सत्तेच्या गैरवापरावर ६० अंक लिहिणाऱ्या लेखकाबद्दलचे हे आरोप समोर आल्यानंतर काहींनी ही मालिका शेल्फवरून काढून टाकली, काही ती आजही वाचतात.

कुठून सुरुवात करावी?

सगळे दहा खंड वाचण्याइतका वेळ नसेल तर आठवा अंक स्वतंत्रपणे वाचता येतो. त्यात निवडणूक नाही, 'हसरा' नाही. मेरी नावाच्या छायाचित्रकार स्त्रीची ती कहाणी आहे. विसाव्या शतकात गोठवून ठेवलेली मेरी भविष्यात जिवंत केली जाते, कारण करारात तसे कलम असते. तिला नवे शरीर मिळते, ती रस्त्यावर पाऊल ठेवते आणि समोरचे शहर पाहून कोलमडते. तिच्यासारख्यांसाठी आधीच एक निवारागृह भरलेले असते. करारात पुढच्या आयुष्याबद्दल काही लिहिलेले नसते, म्हणून तिच्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. तिने कॅमेऱ्यातून पाहिलेल्या काळाबद्दल शहरातला एकच माणूस तिला विचारतो आणि ते आपल्या स्तंभात लिहितो.