चाकाचा हिशेब

पावतीवरील एका रुपयाचा फरक शोधण्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसणारा व्यापारी, तोच माल वाहून नेणाऱ्या पिकअपच्या चाकाकडे सहसा पाहत नाही. टायर बदलले, नट आवळले, पैसे दिले, की काम संपले असे त्यास वाटते.

चाक चढविण्यापूर्वी हब आणि डिस्क यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावे लागतात. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला, तर नट घट्ट लागल्याचा केवळ भास होतो. पुढे तो पापुद्रा चुरडतो आणि नट सैल पडतात. सर्व नट प्रथम हाताने फिरवावेत. मग ओळीने न आवळता समोरासमोरचे, चांदणी काढावी त्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. म्हणजे चाक सरळ बसते. जॅक उतरविल्यावर अखेरचा ताण द्यावा.

हा ताण किती, हे वाहनाच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते व तो टॉर्क पान्याने मोजता येतो. पान्यावर उभे राहून आवळणे ही मजबुती नव्हे. अतिताणाने स्टड लांबतो, आटे जातात आणि वाटेत पंक्चर झाल्यास चालकास एकट्याने नट सुटत नाही.

बॅलन्सिंगचे काम निराळे. टायर व डिस्क यांचे वजन सर्व बाजूंनी सारखे नसते, म्हणून यंत्रावर फिरवून हलक्या बाजूस लहान वजने लावतात. ते न केल्यास ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरते व टायर ठिकठिकाणी झिजतो. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, तर गाडी थांबवून आधी नट पाहावेत.

एवढे करूनही एक काम उरते. चाक बसविल्यापासून ऐंशी ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले पाहिजेत. वाशीहून पुण्याकडे निघालेल्या गाडीसाठी ही वेळ तळेगावच्या आसपास येते.

सुटलेले चाक आपल्या गाडीपुरते थांबत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाते. ते नुकसान विम्याच्या रकमेने भरून निघत नाही. चालकास ‘कोठे पोहोचलास?’ असे विचारणाऱ्या मालकाने त्याच फोनवर ‘नट पाहिलेस का?’ एवढे विचारावे. मग चालकही पाच मिनिटे निर्धास्तपणे थांबतो.