दोष रुग्णाच्या हातातील फोनचा नव्हे

गेली काही वर्षे भांडवली वृत्तपत्रे आणि बड्या खाजगी इस्पितळांचे चालक एक रडगाणे आळवीत आहेत. रुग्ण म्हणे इंटरनेटवर चार ओळी वाचून येतो, डॉक्टरांशी हुज्जत घालतो, चाचण्यांची कारणे विचारतो. या 'गूगल-ज्ञाना'मुळे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विश्वासच लयाला गेला आहे!

रुग्णाने प्रश्न विचारणे हा गुन्हा कधीपासून झाला? कष्टकरी माणूस फोनला विचारतो, कारण त्याला उत्तर द्यायला माणसाला सवड नाही. 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकातील २०१७ सालच्या पाहणीनुसार स्वीडनमध्ये प्राथमिक तपासणीला सरासरी २२ मिनिटे मिळतात. भारतात सुमारे २. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला. चाचणी आपल्या आजारासाठी की यंत्राचे हप्ते फेडण्यासाठी, ही शंका गूगलने पेरलेली नाही. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या नजराण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली ती औषध विक्री प्रतिनिधींची संघटना, म्हणजे हा व्यवहार आतून पाहणारे कामगारच!

मात्र फोनवरील माहितीने जनता डॉक्टरशाहीतून मुक्त होईल, असे मानणारे आपले काही तरुण साथीही भ्रमात आहेत. तीही बाजारपेठच आहे. तेथे शास्त्रीय माहितीच्या शेजारीच मधुमेह मुळापासून घालविण्याची हमी देणारी चित्रफीत मांडलेली असते. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वसंमती आवश्यक करणारा नियमही २०१८ मध्ये आला. पण केंद्राच्या आयुष मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना त्याखाली कारवाई न करण्यास कळविले आणि जुलै २०२४ मध्ये तो नियमच वगळला! सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली खरी, परंतु सरकार कोणाच्या बाजूला उभे आहे हे तोवर उघड झाले होते.

अशा चित्रफितीवर विसंबून इन्सुलिन सोडणाऱ्या मजुराचा पाय कापण्याची पाळी येते, तेव्हा चित्रफीतवाला कोठेच नसतो. नातेवाइकांच्या संतापाला, प्रसंगी मारालाही, तोंड देतो तो सरकारी रुग्णालयात सलग चोवीस-चोवीस तास राबणारा निवासी डॉक्टर. रिक्त जागा भरा, ही त्याची मागणी आहे आणि त्या मजुराच्या कुटुंबाचीही. गूगलला दोष देणाऱ्या अग्रलेखांत ती मात्र कोठेही आढळत नाही.